खोलीला लिहिलेलं पत्र

सल्ला न देणारे सल्लागार तयार करायचा एक कारखाना परळला आहे. एका ट्रस्टच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर चार खोल्या, दोन पंखे, एक कुलूपबंद कपाट आणि आम्ही अकरा उमेदवार. दहा महिने शिकायचं, मग प्रमाणपत्र, मग इस्पितळात किंवा गिरणीच्या कल्याणकेंद्रात नोकरी. लोक आपली दुःखं घेऊन येतील, आपण ती ऐकायची आणि काहीही सांगायचं नाही. सांगितलं तर तो सल्ला होतो आणि सल्ला देणं अशास्त्रीय. मग पाटीवर 'सल्ला केंद्र' का लिहिलंय, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. संचालिकाबाई हसल्या आणि म्हणाल्या, ह्या प्रश्नामागची तुमची भावना आपण नंतर पाहू.

ह्या बाई दादरच्या. दोन वर्षं अमेरिकेत शिकून आल्या होत्या आणि ते त्या कुणाला विसरू देत नसत. मी गिरगावातली. तीन पिढ्या कारकुनी केलेल्या घरातली पहिली बी. ए. मुलगी. दिवसा केंद्रात आणि संध्याकाळी चळवळीच्या कचेरीत. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे ह्या विषयावर माझ्याइतकी पत्रकं आमच्या वॉर्डात कुणी लिहिली नसतील. छापखान्यातला खिळे जुळवणारा म्हणायचा, ताई, तुमच्या मजकुराला उद्गारचिन्हं पुरत नाहीत, शेजारच्या छापखान्यातून आणावी लागतात. मला ते प्रशस्तिपत्रक वाटायचं.

दर शुक्रवारी आम्हाला 'व्यावसायिक विकासाची वही' भरावी लागे. ह्या आठवड्यात माझी वाढ कशी झाली, कमीत कमी एक पान. दर आठवड्याला वाढायचं, जणू आम्ही मांडवावर सोडलेली पडवळं. मी लिहायची, 'ह्या आठवड्यात माझी वाढ झाली नाही, कारण शिकवलं काही नाही.' बाई त्याखाली लाल शाईने लिहायच्या, 'प्रतिकार.'

मग एका शनिवारी संस्कृतींचा परिचय झाला. मुंबईत नाना जातीधर्मांचे लोक येतात, सल्लागाराला सगळ्यांची ओळख हवी, इथवर बाईंचं बरोबर होतं. पुढे काय केलं, तर भिंतीवर एक तक्ता लावला. डावीकडे समाजाचं नाव, उजवीकडे स्वभाव. गुजराती: व्यवहारी, भांडण टाळतात. मद्रासी: अभ्यासू. कोकणी: हट्टी, मनातलं बोलत नाहीत. ख्रिस्ती: मोकळे, संगीताची आवड. आणि प्रत्येकाने आपापल्या समाजाचा एक पदार्थ करून आणायचा. भुलेश्वरच्या मुलीने ढोकळा आणला, माटुंग्याच्या मुलाने आईकडून इडल्या करवून आणल्या, मी काही न आणता वीस मिनिटं भाषण केलं. माझगावच्या गोवेकर मुलीला केक आणायला सांगितला होता. तिने नाक्यावरून कांदाभजी आणली. बाईंनी विचारलं, हा तुमच्या समाजाचा पदार्थ आहे का? ती म्हणाली, "आमच्या गल्लीचा आहे, बाई."

मला तेव्हासुद्धा ती मुलगी आवडली नाही, हे इथे लिहून टाकते. चळवळीच्या निवेदनावर मी तिची सही मागितली होती. ती म्हणाली, मुंबई घ्या तुम्ही, माझी हरकत नाही, पण आमच्या गल्लीतला नळ कोण दुरुस्त करणार ते आधी सांग. मी तिला मनातल्या मनात निकालात काढलं. इंग्रजी शाळा, फ्रॉक, रविवारी चर्च. हिला आमच्या कामगाराचं काय कळणार? 'आमचा कामगार' हा शब्द मी पत्रकात प्रत्येक परिच्छेदात वापरत असे.

ह्याच दिवसांत एक बाई माझ्याकडे आली. वय तिसाच्या आसपास, नऊवारी, अंगाने वाळलेली. इस्पितळातल्या नर्सने पाठवली होती, बाह्यरुग्ण विभागात रडत बसली होती म्हणून. नवरा लालबागला त्यांच्या गावाच्या खोलीत राहणारा, गिरणीत मागावरचा साचेवाला. ही गावी, मालवणच्या बाजूला, सासरी. पोटात गाठ झाली म्हणून बोटीने मुंबईला आणली, ऑपरेशन झालं, टाके निघाले. आता पावसाळ्यासाठी समुद्र बंद होऊन बोटी थांबतील, त्याच्या आत तिला परत गावी धाडायचं ठरलं होतं. आणि तिला जायचं नव्हतं. पावसाला सुरुवात झाली की शेत. लावणी, लाकडाच्या मोळ्या, घाटीवरून पाण्याच्या कळशा. डॉक्टर म्हणाला होता, वर्षभर वजन उचलायचं नाही, उचललंस तर आतली शिवण सुटेल.

"माका जावचा नाय," ती म्हणाली. "ह्या पावसात गेलंय तर मरान."

आता मला काय शिकवलं होतं? समोरच्याचं वाक्य आरशासारखं परत करायचं. मी म्हटलं, म्हणजे तुम्हाला जायचं नाही असं वाटतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग जरा मोठ्याने, सावकाश, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं ती पुन्हा म्हणाली, की नाही, जायचं नाही. मी म्हटलं, म्हणजे तुम्हाला भीती वाटते. ती म्हणाली, ताई, तेच तर सांगतेय मघापासून. बाहेर बाकावर तिच्यासोबत आलेली शेजारीण बसली होती. तिलाही आत घ्या असं ती दोनदा म्हणाली, पण एका वेळी एकच व्यक्ती आणि दार बंद, असा नियम होता. बंद दाराकडे तिचा जीव लागून राहिला होता. मी कागदावर लिहिलं, 'अस्वस्थ.'

बऱ्याच वेळाने तिने एक गोष्ट सांगितली. खोलीतल्या वडीलधाऱ्यांपुढे तिचा नवरा तोंड उघडत नाही. त्याला मनातून ती राहायला हवी आहे, पण तो बोलणार नाही. हे कुणाला सांगू नका, असं ती म्हणाली. मी तिला कुलूपबंद कपाट दाखवलं. गुप्तता हा आमच्या व्यवसायाचा पाया होता, त्यावर तीन आठवडे व्याख्यानं झाली होती.

नियमाप्रमाणे पुढची पायरी नवऱ्याला बोलावण्याची. त्याच्या घरी जायचं नाही, त्याला व्यावसायिक अंतर म्हणत. पत्र लिहायचं. हे काम मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी बसले आणि तीन पानं एका दमात लिहिली. 'आपल्या पत्नीच्या मूक आसवांचा आक्रोश आपल्या कानी पडत नाही काय? मायमराठीच्या लेकीने किती काळ वेठबिगार म्हणून राबावे? वडीलधाऱ्यांपुढे तोंड न उघडणारा पुरुष स्वतःच्या सहधर्मचारिणीचे रक्षण काय करणार?' असं ते पत्र. खाली केंद्रात येण्याची तारीख आणि वेळ. संचालिकाबाईंनी वाचलं, भाषा प्रभावी आहे म्हणाल्या आणि शिक्का मारला. पाकिटाला डिंक लावून ते मी स्वतः पेटीत टाकलं. अत्यंत गोपनीय.

नवरा आला नाही. सहाव्या दिवशी ती आली, धापा टाकत, शेजारणीचा हात धरून. ह्या वेळी दार बंद करून घ्यायला ती तयारच नव्हती.

"ता तुमी काय लिवलात?" ती म्हणाली. "सगळ्यांसमोर वाचल्यानी. आता येत्या बुधवारच्या बोटीत बसयतले माका."

आधी मुहूर्त होता महिनाअखेरचा. माझ्या पत्राने तो बुधवारवर आणला. खोलीचा अपमान झाला होता. नवरा दोन दिवस खानावळीत जेवायला गेला नव्हता, लाजेने.

मी चिडले. दुसऱ्याचं बंद पाकीट फोडणारे हे कोण, असं म्हणत मी चहाच्या खोलीत येरझारा घालत होते. माझगाववाली बिस्किट खात ऐकत होती. मग तिने विचारलं, तो माणूस राहतो कुठे? मी म्हटलं, लालबागला, त्यांच्या गावाच्या खोलीत.

"गावाच्या खोलीला पत्र लिहिलंस? बंद पाकिटात?" ती म्हणाली. "वेडी का गं तू?"

आणि तिने मला जे सांगितलं ते मला माहीत असायला हवं होतं. गोव्याच्या लोकांची मुंबईत कुडं असतात. एकेका गावाचं एकेक कूड, म्हणजे खोली. बोटीवरून उतरलेला खलाशी आपल्या गावच्या कुडात येतो, त्याची पेटी भिंतीशी, त्याची चटई त्याच्या वाट्याच्या जागी. तिचे काका अशाच एका कुडाचे कारभारी होते. कुडात पत्र येतं ते सगळ्यांचं असतं. ज्याला वाचता येतं तो फोडतो, बाकीचे जमले की मोठ्याने वाचतो, कारण एकाच्या पत्रात दहा घरांची खबर असते. कुणाची गाय व्याली, कुणाचं छप्पर उडालं. तिथे खाजगी पत्र म्हणजे काय हे कुणाला ठाऊकच नसतं. मालवणी लोकांच्या खोल्या वेगळ्या असतील असं तुला का वाटलं?

मला काहीच वाटलं नव्हतं, हे खरं उत्तर. लालबागच्या नाक्यावर मी उभी राहून भाषणं केली होती. त्या नाक्यामागच्या चाळींच्या एकाही खोलीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. गोव्याच्या फ्रॉकवालीला ती खोली आतून ठाऊक होती आणि मला, मराठी कामगाराच्या स्वयंघोषित कैवारणीला, नव्हती.

ती म्हणाली, रविवारी त्यांची बैठक असणार. सगळ्या पाळ्यांची माणसं त्याच दिवशी एकत्र भेटतात. आपण जायचं. जाऊन काही बोलायचं नाही, बसायचं. कुणी विचारलं तर सांगायचं, चूक झाली. मी म्हटलं, चूक त्यांची आहे, मी माफी मागणार नाही. ती म्हणाली, मग तू येऊ नकोस.

मी गेले.

तिसरा मजला. खोली लांबट, भिंतीला आढ्यापर्यंत रचलेल्या पत्र्याच्या पेट्या, वर गुंडाळलेल्या वळकट्या, ग्रामदेवतेची तसबीर. वीस-बावीस माणसं भिंतींना टेकून बसलेली. आम्हाला आत बोलावलं नाही, हाकलूनही दिलं नाही. आम्ही उंबऱ्याशी बसलो. ती बाई मागे गॅलरीत, कठड्याला धरून. खिडकीच्या एका तावदानावर माझंच एक पत्रक चिकटवलेलं दिसलं आणि मला जरा बरं वाटलं. नीट पाहिलं तर मागची काच फुटली होती.

तासभर आमच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. देवळाची कौलं, एकाची रजा, मग गाद्यांचं भांडण. रात्रपाळीवाला दिवसा झोपतो, दिवसपाळीवाला रात्री, गादी एकच, तिच्यावर तेलाचा डाग कुणी पाडला. मी मनात म्हणत होते, क्रांती होणार ती ह्यांच्या जिवावर. माझगाववाली मात्र कान टवकारून बसली होती. मध्येच तिने विचारलं, इथे अभ्रा ज्याचा त्याचा नसतो का, आमच्या कुडात असतो. खोलीच्या कारभारी म्हाताऱ्याने पहिल्यांदा आमच्याकडे मान वळवली. तुमच्यात पण खोली असते? असते, ती म्हणाली, भांडणं पण हीच. दोघंतिघं हसले.

मग म्हाताऱ्याने तसबिरीमागून माझं पत्र काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"तुयाच लिवलंस ना, बाय? मगे तुयाच वाच."

मी वाचायला लागले. पहिली दोन वाक्यं मी नाक्यावर बोलते तशीच, आवाज चढवून वाचली. मूक आसवांचा आक्रोश म्हणाले तेव्हा कुणीतरी खाकरलं. ती आसवं चार हातांवर गॅलरीत उभी होती. मायमराठीच्या लेकीपाशी माझा स्वतःचा आवाज मला परका वाटायला लागला. छापलेल्या कागदावर हे सगळं भारी दिसायचं. इथे ते एखाद्या नाटक कंपनीचं उरलेलं सामान वाटत होतं. नवरा पेट्यांच्या कोपऱ्यात गुडघ्यांत मान घालून बसला होता. वडीलधाऱ्यांपुढे तोंड न उघडणारा पुरुष, हे शब्द दिसले आणि मी थांबले.

"फुडे," म्हातारा म्हणाला.

"पुढचं वाचत नाही," मी म्हटलं. "हे त्यांनी मला एकटीला सांगितलं होतं. मी लिहायला नको होतं. चूक माझी."

एका माणसाने पाण्याचा तांब्या आमच्याकडे सरकवला. तेव्हा माझगाववालीने, मला नाही, गॅलरीतल्या बाईला विचारलं, मावशी, डॉक्टर नेमकं काय म्हणाला? बाईने पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड करून सांगितलं. वजन उचलायचं नाही. वर्षभर. कळशीसुद्धा नाही.

खोलीत कुजबुज झाली. म्हातारा आधी तिच्याकडे बघत राहिला, मग नवऱ्याकडे.

"वजन उचलूचा नाय? ह्या आमका कोणी सांगूक नाय."

कुणीच सांगितलं नव्हतं. पोटाचं ऑपरेशन, बाईमाणसाचं, त्यावर ती वडीलधाऱ्यांशी बोलणार नाही, तो तर नाहीच नाही. डॉक्टरचा कागद इंग्रजीत, तो पेटीत तळाला. टाके निघाले म्हणजे बरी झाली, असं सगळे धरून चालले होते. आणि माझ्या तीन पानी पत्रात आक्रोश होता, वेठबिगार होती, मायमराठी होती, फक्त डॉक्टरचं हे एक वाक्य नव्हतं. ते मला महत्त्वाचं वाटलंच नव्हतं. त्यात जोर नव्हता.

पुढे जे झालं त्यात आमचा काही वाटा नाही. एकजण म्हणाला, खोलीत बाईमाणूस कसं ठेवणार? दुसरा म्हणाला, दुखण्याला ठेवतोच की. तिसऱ्याने काळाचौकीला राहणाऱ्या गावच्या एका म्हातारीचं नाव काढलं, तिच्याकडे रात्री झोपेल. खानावळीच्या डाळीबद्दल कुणीतरी वाईट शब्द बोललं आणि एकदम सगळ्यांना आठवलं, की हिच्या हातचं जेवण बरं असतं. दिवसा इथे रांधील, पाणी आम्ही भरू. गणपतीला सगळेच गावी जातो, तेव्हा पुढचं बघू. म्हाताऱ्याने नवऱ्याला विचारलं, तुझं काय? सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याने मान वर केली, खाली घातली, पुन्हा वर केली.

"ऱ्हवांदे," तो म्हणाला.

बुधवारची बोट तिच्याविना गेली.

पुढच्या सोमवारी संचालिकाबाईंना कळलं. केंद्राबाहेर भेट, कुटुंबातील प्रत्यक्ष व्यक्तीऐवजी जमावाशी चर्चा, गुप्ततेचा भंग, शिवाय सरळसरळ सल्ला. त्यांनी एकामागून एक कलमं वाचली. बोटं मोडत बसलेल्या माझगाववालीकडे बघून म्हणाल्या, तुमच्या लोकांचा मोकळेपणा इथे आड आला. तक्ता भिंतीवर होताच. मी म्हटलं, बाई, गुप्ततेचा भंग त्या पत्राने झाला आणि त्यावर तुमचा शिक्का आहे. त्या म्हणाल्या, पत्र नियमानुसार होतं. ज्या पत्राने एक बाई मरायला निघाली ते नियमात बसतं, आणि ज्या तासाभराच्या गादीपुराणाने ती वाचली ते बसत नाही.

प्रमाणपत्रं वाटली तेव्हा मला मिळालं. माझा लेखी अहवाल उत्तम होता. माझगाववालीचं अडकवून ठेवलं, प्रत्यक्ष कार्यात शिस्तीचा अभाव. मी चार पानी निषेध लिहिला. चार पानं झाल्यावर लक्षात आलं की सगळं आहे, फक्त तिने नेमकं काय केलं तेच नाही. ती चार पानं फाडली आणि पाच ओळींत लिहिलं. अमुक बाई, अमुक दुखणं, डॉक्टरचं हे म्हणणं, ते कुणाला माहीत नव्हतं, हिने विचारलं म्हणून कळलं. ट्रस्टच्या मंडळींना दिलं. त्यांचं उत्तर अजून यायचंय. दरम्यान ती एका गोदी कामगारांच्या दवाखान्यात लागली आहे, प्रमाणपत्राशिवाय, आणि तिथे दार उघडं असतं असं ऐकते.

गणपतीला खोली रिकामी झाली. भाऊच्या धक्क्यावर मी गेले होते, माझ्याने राहवलं नाही. समुद्र उघडून थोडे दिवस झाले होते, गर्दी मरणाची. दोन्ही गाठोडी नवऱ्याच्या डोक्यावर होती, ती मागून मोकळ्या हातांनी चालत होती, आणि तिला ते जमत नव्हतं. हात कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखी ती पदराशी खेळत होती. मी विचारलं, परत येणार ना? ती म्हणाली, सासूबाई सोडतील तर. नवऱ्याने गाठोड्यांखालून वळून बघितलं, पण बोलला काही नाही, आणि मला त्या माणसाचा पुन्हा संताप आला.

गौरी गेल्या, विसर्जन झालं, आठवडा गेला, दुसरा गेला. खोलीतली माणसं दोनदोन, तीनतीन करून पाळ्यांवर रुजू झाली. मी दोनदा चाळीखाली जाऊन परत आले. वर जायचा धीर होत नव्हता. तिसऱ्यांदा गेले तेव्हा गॅलरीत तीच होती, विळीवर बांगडे साफ करत. नळावरून पाण्याचा हंडा घेऊन कारभारी म्हातारा जिना चढत होता, दर पायरीला कण्हत, आणि ती वरून त्याला सांगत होती की सांडू नका, आज पाणी कमी आहे.